गिरण थांबली की डबा झपाटतो

कोकणात, कट्टा गावच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. पाटी रिपेअरिंगची, आत मिक्सर, इन्व्हर्टर आणि टीव्हीचे बोर्ड पडलेले. पण घर चालतं ते विहिरीच्या पंपांसाठी मी बनवतो त्या कंट्रोलरवर. विहिरीत पाणी उतरलं की पंप बंद, टाकी भरली की बंद, व्होल्टेज कमी असलं तर चालूच करायचा नाही, एवढंच त्याचं काम. आत नखाएवढी मायक्रोकंट्रोलर चिप, दोन रिले आणि एक लहानसा पॉवर सप्लाय. गावात त्याला कोणी कंट्रोलर म्हणत नाही, 'डबो' म्हणतात.

त्याआधी कुंभारमाठच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये सात वर्षं नोकरी. काम एकच, लोकांच्या यंत्रांना विजेचे झटके द्यायचे आणि ती टिकतात का ते लिहायचं. गावी परतल्यावर पहिला डबा पेंडूरच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या विहिरीवर बसवला. महिन्याभराने त्यांचा फोन आला, "तुझो डबो रात्री आपसूक पंप चालू करता. भूत असा काय त्येच्यात?"

तीन संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून काढल्या. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी साडेसातच्या सुमारास दोन घरं पलीकडची भाताची गिरण बंद झाली. स्टार्टरचा 'खट्ट' आवाज इथवर आला आणि त्याच क्षणी माझ्या डब्यावरचे व्होल्टेजचे आकडे २२४ वर गोठले. खाली पंप घुमू लागला. सात वर्षं दुसऱ्यांच्या कागदावर 'नापास' लिहिणाऱ्याने स्वतःचा डबा मात्र एकदाही तपासला नव्हता. 'एवढासा तर डबा' म्हणून. त्यानंतरच्या वर्षांत जे कळलं, ते क्रमाने लिहितो आहे.

१. आधी शेजार बघा, मग आभाळ

यंत्र बिघडलं की आपलं बोट आभाळाकडे जातं. 'वीज चमकली होती' किंवा 'लाईट वरखाली होत होती' ही ठरलेली कारणं. दुरुस्तीला आलेल्या डब्यांचा हिशेब ठेवू लागलो तेव्हा दिसलं की चिप गोंधळण्याचे बहुतेक प्रसंग कोरड्या, शांत दिवशी घडलेत. गुन्हेगार शेजारीच होता. गिरणीचा स्टार्टर, वेल्डिंग मशीन, कधी त्याच घरातला जुना फ्रीज, तर कधी माझ्याच डब्यातला रिले.

कॉइलमधला करंट हट्टी असतो. वाट तोडली तरी त्याला वाहायचंच असतं. स्टार्टरचे पॉइंट उघडतात, मधल्या फटीत व्होल्टेज चढतं, फट पेटते, विझते, पुन्हा चढतं, पुन्हा पेटते. आपल्याला एकच 'खट्ट' ऐकू येतो, पण वायरीवरून त्या वेळात झटक्यांची अख्खी माळ निघून गेलेली असते. माळेतला एकेक झटका काही नॅनोसेकंदांत उभा राहतो. माझी चिप ८ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तिच्या घड्याळाचा एक ठोका १२५ नॅनोसेकंदांचा. तिचं एक पाऊल पडायच्या आत झटका येऊन गेलेलाही असतो. चिप जळत नाही, तापत नाही, डाग पडत नाही. फक्त आतला एखादा शून्य एक होतो. तो शून्य पंपाच्या रिलेचा असेल तर रात्री पंप सुरू होतो आणि लोक भुताचं नाव घेतात.

२. झटका म्हणजे एकच गोष्ट नव्हे

लॅबमध्ये तीन झटके रोजचे. तिन्हींचे नियम आंतरराष्ट्रीय मानकांत बांधलेले आहेत आणि तिघांचे स्वभाव निराळे आहेत.

पहिला अंगावरच्या स्थिर विजेचा, आयईसी ६१०००-४-२. हा गांधीलमाशीचा डंख. एकच, पण अतिशय तीक्ष्ण. बंदुकीसारख्या यंत्राने ८ किलोव्होल्टचा स्पर्श दिला की सुमारे एका नॅनोसेकंदाच्या आत करंट ३० अँपिअरवर जातो आणि लगेच ओसरतो.

दुसरा गिरणीवाला, आयईसी ६१०००-४-४. ह्या आंब्यावरच्या लाल मुंग्या. एकेक चावा लहान, पण त्या एकट्या येत नाहीत. प्रत्येक झटका ५ नॅनोसेकंदांत चढतो आणि ५० नॅनोसेकंद टिकतो. एका माळेत असे ७५, आणि दर ३०० मिलिसेकंदांनी नवी माळ. मिनिटाला पंधरा हजार झटके झाले. चिपच्या प्रोग्रॅममधली नेमकी नाजूक जागा त्यांतल्या एकाला तरी सापडतेच.

तिसरा सर्ज, आयईसी ६१०००-४-५. हा माडावरून पडलेला नारळ. संथ, पण वजनदार. १.२ मायक्रोसेकंदांत चढतो, ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. ह्याच्या पोटात ऊर्जा इतकी असते की बोर्डावरचा ट्रॅक उडून जातो.

पहिले दोन चिपला बहुधा वेड लावतात, तिसरा बहुधा जाळतो. वेडावर आणि भाजण्यावर एकच औषध चालत नाही. सर्जसाठी बसवलेला मोठा एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणारा भाग, मुंग्यांना अडवील, ही माझी पहिली चुकीची समजूत होती.

३. कट्ट्यात पास झालेलं पुण्यात पास होईलच असं नाही

बोटातून उडणाऱ्या ठिणगीची चाचणी मी दुकानातच करून बघितली होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घासून उठायचं आणि डब्याला बोट लावायचं. काहीच झालं नाही आणि मी खूश. मग एक डबा डिसेंबरात पुण्याच्या मित्राकडे गेला. स्वेटर काढून त्याने बटण दाबलं आणि डबा रिसेट झाला.

आपल्याकडे हवा बारमाही ओलसर. अंगावरची वीज साठायच्या आधीच निसटते. देशावरच्या कोरड्या थंडीत तीच वीज हजारो व्होल्टपर्यंत साठते. म्हणून तर लॅबमध्ये ही चाचणी करताना हवेतला दमटपणा ३० ते ६० टक्क्यांत ठेवायचा नियम आहे. कट्ट्यात जुलै महिन्यात मिळालेल्या निकालाला काहीच अर्थ नव्हता.

४. घरचा झटका फुकट असतो, फक्त त्याच्याकडून आकडा मागू नका

लॅबचं भाडं तासावर. एकेका दुरुस्तीसाठी पुण्याला जाणं परवडत नाही. म्हणून एक जुनी युक्ती वापरतो. २४ व्होल्टचा डीसी रिले घ्यायचा. त्याच्या कॉइलचा करंट त्याच्याच एनसी (रिले सुटलेला असताना जोडलेल्या) पॉइंटमधून फिरवायचा आणि कॉइलवर डायोड लावायचा नाही. रिले ओढला की स्वतःचाच करंट तोडतो, सुटला की पुन्हा जोडतो. भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. प्रत्येक तोडीला कॉइल चोवीस व्होल्टांवरून शेकडो व्होल्टांची उसळी मारते.

ह्या रिलेची वायर डब्याच्या सेन्सर वायरीबरोबर मीटरभर लांब बांधून ठेवतो. लॅबमध्येही सिग्नलच्या वायरींसाठी साधारण मीटरभर लांबीचा धातूचा क्लॅम्प असतो आणि वायरीला न जोडता, नुसत्या जवळिकीने तो झटका आत ढकलतो. माझा भुंगा हा त्याचा गावठी भाऊ.

किती किलोव्होल्ट झाले ते तो सांगत नाही. पण काल केलेला बदल कालच्यापेक्षा बरा की वाईट, हे दोन मिनिटांत कळतं. २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरवर हा खेळ मात्र करू नका. चिप दुसरी मिळेल.

५. लॅबमध्ये पायरी-पायरीने चढा

महाराष्ट्रात ह्या कामाची मोठी परंपरा आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय ही संस्था आहे, तिथे गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा होते. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारात समीर ही संस्था आहे, १९८४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका विभागातून उभी राहिलेली. शिवाय खाजगी लॅब आहेत. मी एका खाजगी लॅबमध्ये जातो, रात्रीच्या गाडीने, डबे काजूच्या खोक्यात भरून.

नवखा माणूस म्हणतो, "थेट २ केव्ही (किलोव्होल्ट) मारा, पास-नापास सांगा." नोकरीत असताना अशा लोकांना मीही तेवढंच सांगून पाठवायचो. त्यांनी पैसे दिलेले असत आणि घरी जाताना हातात फक्त 'नापास' हा शब्द असे.

आता २५० व्होल्टपासून सुरुवात करतो. पाचशे, हजार, मग दोन हजार. प्रत्येक पायरीवर धन आणि ऋण वेगळं, मिनिटभर तरी. मेनची वायर वेगळी, सेन्सरची वेगळी, पंपाची वेगळी. वहीत प्रत्येक ओळीला एक घर. माझा पहिला डबा मेनच्या वायरीवर २ केव्हीला डगमगला नाही आणि सेन्सरच्या वायरीवर ५०० व्होल्टला कोसळला. थेट २ केव्ही एकत्र मारले असते तर मी घरी येऊन पॉवर सप्लाय बदलत बसलो असतो. चोर खिडकीतून आला होता आणि मी दाराला दुसरी कडी लावली असती.

६. नापास होण्यातही प्रतवारी असते

चाचणीच्या कागदावर चार निकाल असतात. 'अ' म्हणजे झटके चालू असताना काहीच बिघडलं नाही. 'ब' म्हणजे गडबडला, पण आपोआप सावरला. 'क' म्हणजे माणसाने येऊन बंद-चालू करावं लागलं. 'ड' म्हणजे कायमचा गेला. गिरणीवाल्या झटक्यांना बऱ्याच उपकरणांत 'ब' चालून जातो.

पण 'ब' माझ्या गिऱ्हाइकाला चालतो का, हे कागद सांगत नाही. एका डब्यात चिप रिसेट होऊन अर्ध्या सेकंदात सावरायची. कागदावर छान 'ब'. प्रत्यक्षात त्या अर्ध्या सेकंदात पंपाचा रिले सुटायचा आणि पुन्हा ओढायचा, म्हणजे मोटरला धक्का आणि वायरीवर माझ्याच रिलेने सोडलेली नवी माळ. त्या माळेने चिप पुन्हा रिसेट व्हायची. डबा स्वतःच्याच शेपटीच्या मागे फिरत राहायचा.

तेव्हापासून लॅबमध्ये जाण्याआधीच लिहून नेतो: गोंधळ झाला तर पंप बंद झालेला चालेल, चालू राहिलेला चालणार नाही, आणि सावरल्यावर तीन मिनिटं थांबूनच सुरू करायचा. बागेला एक दिवस पाणी मिळालं नाही तर माड मरत नाहीत. कोरड्या विहिरीत रात्रभर चाललेला पंप मरतो.

७. चिपला सगळी दारं सारखी नसतात

चिपच्या पायांमध्ये काही पाय जन्माचे हळवे असतात. सगळ्यात हळवा रिसेटचा. मी हौसेने पुढच्या झाकणावर रिसेटचं बटण दिलं होतं आणि त्याला वीतभर वायर. ती वायर म्हणजे अँटेना. झटका जवळून गेला तरी चिपला वाटायचं की कोणीतरी बटण दाबलं. बटण काढून टाकलं, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पायाला चिकटून बसवला. बटण नाही म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

मग क्रिस्टल. त्याच्या पायांवरचा सिग्नल इतका मवाळ असतो की जवळून गेलेल्या झटक्यालाही चिप घड्याळाचा ठोका समजते आणि पाऊल चुकते. ट्रॅक आखूड ठेवायचे, भोवती ग्राउंड फिरवायचं. काटेकोर वेळ नको असेल तर चिपच्या आतलंच घड्याळ वापरलेलं बरं, माझ्या पंपाला मिलिसेकंदाचा हिशेब कशाला?

राहिले रिकामे पाय. 'वापरत नाही' म्हणून ते मोकळे सोडले की ते हवेतला प्रत्येक आवाज ऐकत बसतात. प्रोग्रॅममध्ये त्यांना आउटपुट करून शून्यावर बांधून टाकायचं. रिकाम्या घरालाही कडी लावून जातो आपण.

८. विहिरीचं पाणी हीच खरी अर्थिंग

हा धडा शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लॅबमध्ये डबा तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यावर, दहा सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर ठेवतात. तो पत्रा म्हणजे लॅबपुरती पृथ्वी. सगळ्यांना समान आणि उत्तम. आमच्याकडची पृथ्वी म्हणजे जांभा. सड्यावर पहार घातली तर वीतभर खाली ठणठण वाजते. मीठ-कोळसा घालून खड्डा केला तरी पावसाळ्यात तो बरा चालतो आणि एप्रिल-मेमध्ये वाळून नावापुरता उरतो. अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन कुठेच गेलेली नसते.

मग झटका पृथ्वीकडे जातो कुठून? पेंडूरच्या त्या कठड्यावर बसून मी वायरींचं चित्र काढत होतो. मेनमधून डब्यात. डब्यातून अर्थिंगला नाही, कारण ते मेलेलं. डब्यातून सेन्सरच्या वायरीत. सेन्सरच्या वायरीच्या टोकाला स्टीलच्या सळया, आणि त्या सळया विहिरीच्या पाण्यात बुडालेल्या. अख्ख्या परड्यात पृथ्वीशी सगळ्यात घट्ट नातं असलेली वस्तू म्हणजे त्या दोन सळया! गिरणीचा झटका सप्लायमधून शिरत होता, माझ्या चिपच्या पोटातून जात होता आणि सळयांवरून विहिरीत उतरत होता. त्या सगळ्या वाटेवरचा साकव म्हणजे माझी चिप.

लॅबमध्ये सळया कोरड्याच टेबलावर ठेवलेल्या असत. आता चाचणीला जाताना सळया पत्र्याला जोडून एकदा, सोडवून एकदा, अर्थिंग लावून एकदा आणि काढून एकदा अशा चारही तऱ्हा करतो. लॅबमधली मुलं हसतात. मी त्यांना मे महिन्यात कट्ट्यात यायचं आमंत्रण देतो.

९. अडवू नका, वाट काढून द्या

मे संपत आला की आमच्याकडे घराभोवतीचा चर उपसतात. परड्यातून उतरणारं पाणी भिंत बांधून अडवायला कोणी जात नाही. त्याला घराला वळसा घालून वहाळापर्यंत वाट करून देतात. झटक्याशी वागायची रीत हीच आहे, हे मला पुस्तकातून नव्हे, फावडं हातात असताना कळलं.

वायर डब्यात शिरते तिथेच, उंबऱ्यावर, झटक्याला बाहेरची वाट द्यायची. सेन्सरच्या प्रत्येक वायरीला उंबऱ्यावरच छोटा कपॅसिटर आणि टीव्हीएस डायोड, आणि तिथून आत चिपकडे जाताना एक रेझिस्टर. बाहेरची वाट सोपी, आतली अवघड. आता मेनमधून शिरलेली माळ बोर्डाच्या कडेकडेने ग्राउंडच्या रुंद पट्ट्यावरून सळयांकडे निघून जाते. ती विहिरीत जाते ती जातेच. चिपच्या माजघरातून जात नाही एवढंच.

चरात एक दगड अडकला तरी पाणी घरात येतं, तशी इथे लांबी नडते. एक सेंटिमीटर वायर म्हणजे अंदाजे १० नॅनोहेन्री. ऐकायला काहीच नाही. पण बोटातल्या ठिणगीचे ३० अँपिअर एका नॅनोसेकंदात चढले, तर त्या एका सेंटिमीटरवर ३०० व्होल्ट उभे राहतात. माझ्या पहिल्या बोर्डावरच्या संरक्षक भागांचे पाय ऐटीत दोन-दोन सेंटिमीटर उभे होते. भाग चांगले होते, पायांनी घात केला. चिपजवळचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा चिपला खेटून असेल तरच कामाचा.

आणि उगमाशीही जा. गिरणीवाल्याशी बोलून त्याच्या स्टार्टरच्या कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावून दिली. खर्च एका वडापावाचा. त्याच्या टीव्हीवरची खरखरही गेली, म्हणून त्याने मला दोन किलो उकडे तांदूळ दिले.

१०. राखणदाराला मालकानेच नारळ द्यावा

एवढं करूनही एखादा झटका आत शिरणारच. तेव्हा सावरायचं काम प्रोग्रॅमचं. चिपमध्ये वॉचडॉग नावाचा टायमर असतो. मी त्याला राखणदार म्हणतो, कारण त्याचा स्वभाव आमच्या परड्यातल्या राखणदारासारखाच, म्हणजे जागा राखणाऱ्या देवासारखाच आहे. नेमाने त्याला नारळाचा मान द्यावा लागतो. मान चुकला की तो जाब विचारतो, म्हणजे चिप रिसेट करतो.

माझ्या पहिल्या डब्यात राखणदार होता, तरी डबा २२४ वर गोठला. कसा? मान देण्याचं काम मी टायमरच्या इंटरप्टवर सोपवलं होतं. मुख्य प्रोग्रॅम भलत्याच गल्लीत अडकला, पण इंटरप्ट ठरल्या वेळी येऊन मान देत राहिला. मालक कुटुंबासह मुंबईला, घराला टाळं, आणि गडी मात्र दर वर्षी नारळ ठेवतोय. राखणदाराला वाटतं घर नांदतं आहे.

आता मान मुख्य प्रोग्रॅम देतो, तोही सगळी कामं एकदा पुरी झाल्याची खूण पटल्यावरच. बाकीच्या सवयी थोडक्यात सांगतो. सेन्सर एकदा वाचून विश्वास ठेवायचा नाही, थोड्या-थोड्या वेळाने तीनदा विचारायचं. कोणता पाय इनपुट आणि कोणता आउटपुट, हे सुरुवातीला एकदा सांगून न थांबता प्रत्येक फेरीत पुन्हा सांगायचं, कारण झटका ती नोंदही पुसू शकतो. व्होल्टेज खाली घसरलं की चिपला रिसेटमध्ये धरून ठेवणारा ब्राउन-आउट डिटेक्टर नेहमी चालू ठेवायचा. आणि मेमरीत जपलेल्या आकड्यांच्या दोन प्रती ठेवायच्या, सोबत बेरजेची खूण. सातबाऱ्याची एकच प्रत घरात ठेवणारा माणूस मी कोकणात पाहिलेला नाही.

११. नाव तेच, चिप तीच असेल असं नाही

२०२१ मध्ये जगभर चिपचा दुष्काळ पडला. माझी नेहमीची चिप मिळेना. एका व्यापाऱ्याने बदली चिप दिली. पाय तेच, प्रोग्रॅम तोच, चालायलाही तशीच. आधीचा डबा २ केव्हीला उभा राहायचा, हा १ केव्हीला आडवा झाला. बोर्डावरची एक रेघही बदलली नव्हती.

झटका सहन करण्याची ताकद चिपच्या आतल्या मांडणीत असते. एकाच कंपनीची तीच चिप नव्या, बारीक प्रक्रियेवर बनू लागली तरी ती बदलते. म्हणून बोर्ड सोडून नुसत्या चिपच्या प्रत्येक पायावर झटके देऊन मोजण्याचं वेगळं मानकही आहे, आयईसी ६२२१५-३, २०१३ सालचं. काही कंपन्या डेटाशीटमध्ये सांगतात की सप्लायच्या पायांवर १०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून किती व्होल्टची माळ दिली तर चिप गडबडते. चिप निवडताना पहिल्या पानावरची जाहिरात सोडून मी ही ओळ आधी शोधतो.

डेटाशीटमधला आणखी एक आकडा फसवतो. 'ईएसडी २ केव्ही, एचबीएम' असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की चिप २ केव्हीची ठिणगी खाईल. ती परीक्षा कारखान्यात चिप हाताळतानाची, तीही सप्लाय नसलेल्या चिपची. त्यात करंट असतो सव्वा-दीड अँपिअर. लॅबमधल्या बंदुकीच्या २ केव्हीत साडेसात. व्होल्ट तेवढेच, मार पाच पटींहून जास्त.

आता नवी खेप आली की पहिली चिप आधी भुंग्यासमोर बसते, मग गिऱ्हाइकाकडे जाते.

१२. आभाळापुढे नम्र राहा आणि वही लिहा

मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, ह्या दोन मोसमांत आमच्याकडे खरी वीज पडते. ती माडावर पडली तर माड उभा चिरफाळतो. तिच्यापुढे ४ केव्हीच्या चाचणीचं प्रशस्तिपत्र दाखवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, गडगडू लागलं की मेनचा प्लग काढा आणि सेन्सरचा कनेक्टरही काढा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप मोबाईलवर घालून देतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. खांब आडवे झाले, लाईट कित्येक दिवस नव्हती. ती परत आल्यावर दुकानात डब्यांची रांग लागली. तेव्हापासून उघडलेल्या प्रत्येक डब्याची नोंद ठेवतो: गाव, अर्थिंग आहे की नाही, सेन्सरची वायर किती लांब, काय जळलं, काय वाचलं. त्या रांगेतल्या बहुतेक डब्यांत एमओव्ही काळा पडला होता आणि चिप शाबूत होती. एमओव्ही मरायलाच बसवलेला असतो. लॅबचा कागद मला एका दुपारचं सांगतो, ही वही बारा महिन्यांचं सांगते. दोन्हींचं जुळलं नाही तर चाचणी कुठेतरी चुकते आहे असं मी समजतो.

परवा पेंडूरला त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे गेलो होतो. डबा नीट करून बरीच वर्षं झाली, भुताचं नाव पुन्हा निघालेलं नाही. बघतो तर ते कळशी घेऊन परड्यात, माडाच्या आळ्यात पाणी घालून झाल्यावर भिंतीकडे गेले आणि उरलेलं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. खड्डा वाळतो, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, तेही ओझरतं.

मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "माडाक घालतंय, तशीच ह्याका पण एक कळशी."